मान खाली, जीभ मोकळी

खाजामियां माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी नखं बघायचे. समोर कोणीही असो. जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले तरी यांची नजर साहेबांच्या बोटांवर. गळ्यात काळा दोरा, दोऱ्यात एक ताविज आणि ताविजाच्या शेजारी नेलकटर. दिवसातून दोनदा तरी ते शर्टाच्या आतून बाहेर निघायचं. इंटर्नशिपच्या पहिल्या दिवशी मी कॉलेजचं पत्र घेऊन, इस्त्रीचा पांढरा कोट घालून त्या जनावरांच्या दवाखान्याच्या पायरीवर उभी राहिले. वाटलं, हा पिकल्या दाढीचा माणूस उठेल, पत्र घेईल, निदान 'बसा' तरी म्हणेल. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं आणि नेलकटर पुढं केलं.

"कापा, डाक्टरसाब. आत कुणाचं तरी लेकरू असतंय."

गाय गाभण आहे का हे बघायला हात कोपराच्या वर आत घालावा लागतो. पदवीच्या सगळ्या वर्षांत हे पुस्तकात वाचलं होतं, पण असं कोणी सांगितलं नव्हतं. मी मुकाट्यानं उजव्या हाताची नखं कापली. डाव्या हाताची कापली नाहीत. का नाही, ते पुढं येईल. ते सांगायलाच तर लिहायला बसले आहे.

गावाचं नाव मी घेत नाही. निलंग्याच्या अंगाला, भूकंपातल्या गावांजवळ, एवढं पुरे. खाजामियां तिथं ड्रेसर होते. सरकारी कागदावर त्यांच्या पदाचं नाव 'व्रणोपचारक'. तो शब्द त्यांच्या जिभेवर कधी नीट बसला नाही. "वरणोपचारक म्हणा," म्हणायचे, "लोकायला वरण तरी कळतंय." जखमा धुणं, टाके घालायला मदत करणं, अडलेलं वासरू बाहेर काढणं, औषध पाजणं, सगळं त्यांच्या हातचं. आमचे साहेब, म्हणजे दवाखान्याचे डॉक्टर, निम्मा वेळ मीटिंगला, आणि निम्मा वेळ मीटिंगच्या तयारीला. लोक जनावर घेऊन यायचे ते खाजाभाईंकडं.

त्यांचं 'डाक्टरसाब' मला टोचायचं. वाटायचं, म्हातारा टिंगल करतोय. कारण मी स्वतःला डॉक्टर मानतच नव्हते. आम्ही कंधारचे, वडील पोस्टात. भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते. पहाटे मांडणीवरची भांडी खाली आली, तेवढाच आमच्या वाट्याचा भूकंप. दहावीनंतर वडिलांनी मला लातूरला टाकलं. तेव्हा लातुरात पोरं अशी उतरत होती जशी हंगामात आडतीवर तूर. एका खोलीत चौघी, पहाटेपासून क्लास, जेवणाच्या डब्यालासुद्धा सूत्रं चिकटवलेली. शेजारच्या कॉटवरची पोरगी झोपेत हाडांची नावं बरळायची. एवढं करून माझं मेडिकल थोडक्यात हुकलं आणि पशुवैद्यकीयला नंबर लागला. क्लासवाल्यांनी पेपरात फोटो छापले, त्यात माझ्या फोटोखाली नुसतं 'वैद्यकीय'. 'पशु' गाळला. वडिलांनी ते कात्रण फ्रेम करून भिंतीला लावलं आणि आमच्या घरानंही तो 'पशु' गिळून टाकला. "पोरगी डॉक्टरकीला हाय," बस्स. कोणी पुढं विचारलं की आई चहा टाकायला उठायची.

आजोबांना मात्र कोण फसवणार? ते म्हणाले, "गावाची मेलेली ढोरं ओढायचं आम्ही छप्पनला सोडलं. कासरा जाळून टाकला. आन् माझी नात एवढं शिकून परत ढोराच्याच मागं?" ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले. मी एकदा हे खाजामियांना सांगून टाकलं, तेही तोऱ्यात, म्हणजे बघा मी कुठल्या नाइलाजानं इथं आहे असं. ते स्टोव्हवर सुया उकळत होते. म्हणाले, "आजोबाला माझा सलाम सांगा. म्हणावं, मेलेलं ओढणं येगळं, जितं उभं करणं येगळं. मेलेलं ओढायला लोक हुकूम सोडत्यात. जितं उभं करायला हात जोडत्यात." मी तो सलाम आजोबांपर्यंत पोचवला नाही. पुढं आजोबाच राहिले नाहीत.

केसपेपरवर मालकाचं नाव लिहायला रकाना असतो, जनावराच्या नावाला नसतो. खाजामियां समासात नाव लिहायला लावायचे. राणी, कपिली, बुद्धी, काय असेल ते. मी एकदा वैतागले. "खाजाभाई, नावानं औषध बदलतं का?" त्यावर त्यांनी भूकंपाची गोष्ट सांगितली. ते उपचाराच्या पथकात गेले होते. घरं बसलेली, माणसं गेलेली, आणि दावणीला बांधलेली जनावरं तशीच उभी. "पयल्या दिवशी औषध कसलं, डाक्टरसाब? नुसती दावी कापून राहिलो. गाय हंबरून राहिली आन् तिला नावानं हाक मारायला कुणी न्हाई. रजिस्टरात 'नाव माहीत न्हाई, नाव माहीत न्हाई' लिवून माझा हात थकला. आता नाव सांगणारं माणूस समोर हाय, तर इचारून घ्यायला काय जातंय?" तेव्हापासून मी नाव लिहायला लागले. त्यांच्या समोर तरी.

आणि एक गोष्ट ते दर आठवड्याला सांगायचे. औषध पाजताना जनावराची मान वर ताणायची नाही, नाक डोळ्यांच्या खालीच राहिलं पाहिजे, आणि जीभ हातात धरायची नाही. जीभ धरली की गिळता येत नाही, औषध पोटाऐवजी फुप्फुसात जातं. "मान खाली, जीभ मोकळी," ते म्हणायचे. बाटली हातात घेतली की बिस्मिल्ला, आणि लगेच "मान खाली, जीभ मोकळी." ठसका लागला की थांबायचं, उरलेलं औषध मातीत ओतलं तरी चालेल. परीक्षेला मी यावर दीड पान लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते.

चांदी ही पारूबाईची म्हैस. पारूबाई पुनर्वसनाच्या गावात एकटी राहायची. भूकंपाच्या पहाटे ती गोठ्यात होती म्हणून वाचली. घरातलं कोणी वाचलं नाही. गोठ्यात एक वगार होती, तिच्या मांडीला पत्रा लागून फाटलं होतं. ती मांडी शिवली खाजामियांनी. तीच वगार पुढं चांदी झाली. जुन्या गावातलं, जुन्या घरातलं श्वास घेणारं असं पारूबाईकडं तेवढंच उरलं होतं. ती महिन्याकाठी चांदीला विनाकारण दवाखान्यात आणायची. "काय होतंय?" असं विचारलं तर म्हणायची, "काय न्हाई माय, खाजाभाऊला भेटून जाऊ म्हणलं."

आता डावा हात. त्या दिवसांत मला बघायला नांदेडचे पाहुणे येणार होते. त्यांना 'डॉक्टर मुलगी' एवढंच सांगितलेलं. आईनं निरोप धाडला होता, हात नीट ठेव, शेणाचा वास यायला नको. म्हणून मी डाव्या हाताची नखं वाढवून लाल रंगवली. उजवा हात कामाचा, डावा हात पाहुण्यांचा. खाजामियां रोज त्या हाताकडं बघायचे आणि नेलकटर काढायचे. मी रोज म्हणायचे, "उद्या." ते पुन्हा शर्टाच्या आत टाकायचे.

तो शुक्रवार होता. साहेब लातूरला. खाजामियां जुम्म्याच्या नमाजला निघाले. जाताना म्हणाले, "एक घंटा, डाक्टरसाब. पोट फुगलेलं कुणी आलं तर तोंडात आडवी काठी बांधा, फिरवा, कूस चोळा. पाजायचं मी आल्यावर." ते वळणावर दिसेनासे झाले आणि पारूबाई चांदीला ओढत आली. चांदी शेजाऱ्याच्या ओल्या लसूणघासात शिरली होती. डावी कूस टम्म, डोळे बाहेर. पारूबाई नुसती "माय, माय" करत होती. मी काठी बांधली, कूस चोळली. पाचेक मिनिटं झाली असतील. मग मला वाटलं, मी काय यांची वाट बघत बसू? कॉलेज मी केलंय की ड्रेसरनं? तेल आणि टर्पेंटाइन मोजून बाटली भरली, काठी सोडली, आणि पारूबाईला म्हटलं, "वेसण धरा मावशी. वर. अजून वर!" चांदी तोंड फिरवत होती. मी डाव्या हातानं तिची जीभ गच्च धरून बाहेर ओढली आणि ओतायला लागले.

तिला ठसका लागला. नाकातून तेल आलं. अर्धी बाटली राहिली होती, मी तीही ओतली.

पोट हळूहळू उतरलं. पारूबाई माझ्या पाया पडायला वाकली आणि मी ते करू दिलं. खाजामियां आले, चांदीच्या बरगडीला कान लावून बराच वेळ उभे राहिले. मग विचारलं, "पाजलं?"

"हो."

"ठसका लागला?"

"नाही."

एवढंच. 'हो' म्हटलं असतं तर त्याच घडीला फुप्फुसाची औषधं सुरू झाली असती. वाचली असती की नाही, देव जाणे, पण सुरू तरी झाली असती. मला फक्त त्यांच्यासमोर चुकायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदी गेली.

शवविच्छेदन केलं तेव्हा फुप्फुसात तेल निघालं. साहेब हात धुता धुता मोठ्यानं म्हणाले, "मान फार वर धरलीय कुणीतरी." पारूबाई तिथंच उभी होती. तिनं आपल्या हातांकडं बघितलं. मी ते बघितलं. मी म्हणू शकले असते की मावशी, तुम्हाला वर धरायला मी सांगितलं. बोलले नाही.

गावानं लेखी तक्रार केली आणि जिल्ह्याचे मोठे साहेब चौकशीला आले. आदल्या दिवशी मी डाव्या हाताची नखं कापली. खोलीत मोठे साहेब, आमचे साहेब, खाजामियां आणि मी. पारूबाई बाहेर पायरीवर बसून होती, तिला कोणी आत बोलावलंच नाही. "औषध पाजलं कुणी?" मोठ्या साहेबांनी विचारलं. आमच्या साहेबांना छताचा पंखा बघण्यात फार रस आला. मी रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिले. माझी इंटर्नशिप संपायला थोडे दिवस होते, त्यावर डिग्री अडकलेली, डिग्रीवर घरच्यांची अब्रू. खाजामियांनी माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी माझ्या नखांकडं न बघता थेट तोंडाकडं बघितलं. ते थांबले. माझ्यासाठी थांबले, हे मला कळत होतं. मग म्हणाले, "मी पाजलं, साहेब."

त्यांना निवृत्तीला दोन-तीन वर्षं होती. जनावराला हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला आणि त्यांची रवानगी जिल्ह्याच्या कार्यालयात, आवक-जावकच्या टेबलावर झाली. दवाखान्यातून निघताना ते मला एक शब्द बोलले नाहीत. गोठ्यात एक लंगडी गाय होती, तिला नावानं हाक मारून गेले.

काही महिन्यांनी प्रमाणपत्राच्या कामानं मी त्या कार्यालयात गेले. ते टपालावर शिक्के मारत बसले होते. मला बघून उठले, "या डाक्टरसाब," म्हणाले, आणि स्वतःचं स्टूल मला दिलं. मी त्यांच्या हातांकडं बघितलं. नखं वाढली होती. गळ्यात ताविज होतं, नेलकटर नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "खाजाभाई, नखं?"

ते हसले. "आता आत कुणाचं लेकरू न्हाई. नुसती कागदं हायत."

मी प्रमाणपत्र घेतलं आणि बस पकडली. ते नांदेडचे पाहुणे? 'पशु' कळल्यावर ते चहा अर्धा टाकून उठले. ज्यांच्यासाठी नखं वाढवली त्यांनी माझा डावा हात बघितलाही नाही.

मी नोकरीला लागले. बिलोली, मग उमरी, मग नांदेड. लग्न झालं, दारावर पाटी लागली, नुसतं 'डॉ.' असलेली. सोसायटीतल्या बायका मुलांचा ताप घेऊन दार वाजवायच्या आणि मी "माझं क्षेत्र जरा वेगळं आहे" म्हणायचे. काय पण क्षेत्र! अशी बारा-तेरा वर्षं काढली. मग एकदा माझ्या हाताखालच्या एका इंटर्न मुलीला वासराला औषध पाजताना मी ओरडले, "मान खाली, जीभ मोकळी!" तिनं लगेच वही काढली. "मॅडम, किती छान आहे. हे तुम्ही शोधलंत?" आणि मी, या माझ्या तोंडानं, म्हणाले, "अनुभवानं सुचतं." घरी येऊन मला जेवण गेलं नाही. माणसाचं काम घेतलं, नाव घेतलं, आता त्याचं वाक्यही घेतलं. रविवारी उदगीरची बस धरली. निवृत्तीनंतर ते तिथं मुलाकडं राहत होते.

खाजामियां ओट्यावर बसले होते, खूप वाळलेले. ओळखलं मात्र चटकन. "डाक्टरसाब!" सुनेनं सरबत आणलं. मी ग्लास खाली ठेवला आणि बोलायला लागले. ठसका लागला होता. नाकातून तेल आलं होतं. मी खोटं बोलले. चौकशीत गप्प बसले. तुमचे हात मी घालवले. रडत होते, पण बोलले सगळं.

ते सगळं ऐकून म्हणाले, "मला ठाऊक हाय. मेलेल्या चांदीच्या जिभेवर चार नखं उमटली व्हती. डाव्या हाताची." मग ग्लास माझ्याकडं सरकवत, "मी बी चुकलो. नवीन लेकराला एकटं सोडून गेलो. म्हणून म्हणलं, चला, निम्मं आपलंच हाय."

"खाजाभाई, मला माफ करा."

त्यांनी हात असा झटकला जसा गायीनं माशीला कान झटकावा. "माझं सोडा. पारूबाईला सांगितलं?"

"नाही."

"मंग माझ्याकडं कशाला आलाव?" त्यांना राग आला होता. इतक्या वर्षांत मी त्यांचा राग पहिल्यांदा बघितला. "ती बाई अजून समजून राहिली की तिनंच मान वर धरली म्हणून म्हैस मेली. मी दोनदा जाऊन सांगितलं. म्हणती, खाजाभाऊ, तू माझ्या मनासाठी बोलून राहिला. मी सांगून व्हत न्हाई, डाक्टरसाब. जिनं पाजलं तिनंच सांगाया पाहिजे."

मी तशीच निघाले. पुनर्वसनाच्या गावात सगळी घरं एका मापाची, दोनदा चुकले. पारूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू. "कोण?" म्हणाली.

"मी डॉक्टर," म्हटलं. मग उरलेला शब्दही बाहेर काढला. "ढोरांची डॉक्टर. चांदीला औषध पाजलं होतं ती."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. सगळं सांगितलं. तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती, शेंगांच्या टरफलांकडं बघून सांगितलं. तिचे हात थांबले होते. म्हणाली, "म्हंजी... मी मान वर धरली म्हणून न्हाई मेली ती?"

"नाही, मावशी. तुम्हाला धरायला मी लावली. जीभ मी धरली. आणि लपवलंही मीच."

"धरणी हालली तवा दावं कापून मीच वाचवली व्हती तिला," ती म्हणाली. "मंग वाटायचं, वाचवली बी मीच, मारली बी मीच. कुणाला सांगावं?" तिनं पदरानं डोळे पुसले. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, मागायला तोंड कुठं होतं? मग तीच म्हणाली, "ऊठ. गाडी जाईल तुझी." आणि मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

नांदेडला आल्यावर मी पहिलं काम केलं ते दारावरची पाटी बदलायचं. आता तिच्यावर पूर्ण शब्द आहे. सोसायटीतल्या बायका ताप घेऊन येत नाहीत, कधी कधी मांजर घेऊन येतात.

खाजामियां त्याच वर्षी गेले. आमचं शेवटचं बोलणं झालं ते त्या दिवशी, पारूबाईच्या गावाहून निघताना. स्टँडवरच्या गलक्यात मी त्यांच्या मुलाच्या फोनवर फोन लावला होता. त्यांनी फोन कानाला नीट लावलेला नसावा, श्वासाचाच आवाज जास्त येत होता.

"सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"कसं?"

"तुम्ही शिकवलं तसं, खाजाभाई. मान खाली, जीभ मोकळी."



"हाव," ते म्हणाले. "मंग गेलं असंल नीट पोटात."